कायमचा मांडव

केडगाव स्टेशनाबाहेर कोणालाही "सुभानभाई मंडपवाले कुठं राहतात?" असं विचारलं, तर माणूस आधी तुमच्याकडे नीट बघतो आणि मग विचारतो, "कुणाचं लगीन हाय?" लग्न नाही, सहज भेटायला आलोय, असं सांगितलं तर त्याचा विश्वास बसत नाही. सुभानभाईंकडे सहज कोणी जात नाही. गेलेला माणूस जेवल्याशिवाय सुटत नाही, आणि तोवर त्याला शिरूर-दौंडच्या यच्चयावत लग्नांत ऊन कुठून आलं आणि सुभानभाईंनी ते कसं अडवलं, हे सगळं ऐकावं लागतं. मटण मात्र नजमुन्निसाभाभी असं करतात की ऐकण्याचे कष्ट वसूल होतात.

मंडपवाला म्हणजे बांबू रोवणारा आणि कापड ताणणारा, असा ज्यांचा समज आहे त्यांनी एकदा या गृहस्थाच्या तोंडी लागून बघावं. लग्नाच्या आदल्या दिवशी, मुहूर्ताच्या वेळेला, सुभानभाई नवरीच्या दारात जाऊन उभे राहत. हात लांब करत, आपलीच सावली बघत, चार पावलं सरकत, पुन्हा बघत. घरातली मंडळी घाईला आलेली असायची, पण यांचं समाधान झाल्याशिवाय पहार जमिनीला लागायची नाही. "नवरीच्या डोळ्यावर कवडसा पडला आन् तिनं डोळं बारीक केलं, तर फोटोत ती रागावल्यावानी दिसती. मग सासू जल्मभर तोच फोटो बघती," असं ते बजावून सांगत. निळी ताडपत्री हा त्यांचा जन्माचा वैरी. निळ्याखाली धडधाकट माणूस दवाखान्यात न्यायच्या लायकीचा दिसतो आणि पिवळ्याखाली कावीळ झालेला, हे त्यांचं ठाम मत होतं, आणि त्यात काही खोटं नव्हतं. त्यांच्या मांडवाला आतून पांढरं कापड असायचं, वरून फिकट गुलाबी. त्यातून ऊन चाळणीतून पीठ पडावं तसं उतरायचं. सावळी नवरी सावळीच दिसायची, पण अशी काही उजळून निघायची की वऱ्हाडातल्या बायका एकमेकींना कोपरानं ढोसत.

पुढे हायवेला लॉन्स झाले. कमानी, कारंजी, एसीचे हॉल. लग्नं तिकडे गेली आणि सुभानभाईंच्या वाट्याला बारशी, वाढदिवस आणि पुढाऱ्यांच्या सभा उरल्या. पुढाऱ्याच्या तोंडावर ऊन पडलं काय आणि नाही काय, त्यात त्यांना रस नव्हता. गोडाऊनमध्ये मांडवाच्या बाजूंना लावायच्या कापडी कनाती घड्या घालून पडल्या होत्या. दर पौषात लग्नं नसतात म्हणून त्या काढायच्या, उन्हात घालायच्या, उसवलेलं शिवायचं आणि पुन्हा घड्या घालायच्या, एवढाच उद्योग राहिला होता.

याच दिवसांत त्यांच्या मनाला एक गोष्ट कुरतडायला लागली. सुताराचा पलंग नातवंडं वापरतात. गवंड्याची भिंत त्याच्यामागं उभी राहते. "आन् माझं काम? दुसऱ्या दिशी न्याहारीच्या आत टेम्पोत," ते भाभींना म्हणत. "उद्या मेलो तर पोरीला दाखवायला एक खांब न्हाई माझा."

"पोरगीच हाय की दाखवायला," भाभी म्हणत. "इंजिनियर केली, ते काम न्हाई व्हय?"

पोरगी म्हणजे रुबी. सिव्हिलचा डिप्लोमा करून ती शिरूरला एका कॉन्ट्रॅक्टरकडे लागली होती. बापासारखीच किडकिडीत आणि बापासारखीच हट्टी. भाभींचं म्हणणं खरं होतं, पण माणसाला आपल्या हाताचं एक काहीतरी उभं राहिलेलं बघायचं असतं, त्याला काय करणार?

तर ते दैव उघडलं चिंचमळ्यात. भांडगाव आणि कासुर्डी यांच्या मधल्या अंगाला, कालव्याच्या कडेची ही वस्ती. तिथले हौसरावआबा सुभानभाईंचे जुने दोस्त. आबांच्या सगळ्या मुली सुभानभाईंच्या मांडवातून सासरी गेलेल्या. आबांची धाकटी सून सविता त्या वेळी सरपंच झाली होती. तिचं माहेर कासुर्डी, आणि तिच्याही डोक्यावर अक्षता पडल्या त्या यांच्याच गुलाबी कापडाखाली. म्हणून ती त्यांना मामा म्हणते.

वस्तीला एक सार्वजनिक मंडप मंजूर झाला होता. बचत गटाच्या बायकांना बसायला, म्हाताऱ्यांना टेकायला, पोरांना पाढे म्हणायला, कोणाचं काही कार्य असलं तर त्यालाही. असे मंडप कसे असतात ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. चार लोखंडी खांब, वर निळा पत्रा, पत्र्यावर नावं. उन्हाळ्यात आत भाकरी भाजावी. सविताला ते नको होतं. तिनं सुभानभाईंना बोलावून घेतलं आणि कालव्याकाठची जागा दाखवली. पश्चिमेला दोन जुन्या चिंचा, उत्तरेला पाणी, दक्षिणेला ऊस आणि उसापलीकडे हायवेचा धुरळा.

"मामा, लॉनवाल्यांनी तुमचं काम नेलं," ती म्हणाली. "हे घ्या. पण हा काढायचा न्हाई. कायमचा करा."

सुभानभाईंनी टोपी काढली. जो माणूस शेजाऱ्याच्या बारशातही भाषण करायला मागेपुढे पाहत नाही, तो ती उगाचच झटकत राहिला. घरी आल्यावर मात्र जो तोंडाचा पट्टा सुटला, तो झोपेपर्यंत.

फाल्गुन-चैत्रात ते रोज स्कूटर काढून चिंचमळ्यात जाऊन बसत. सकाळी, दुपारी, दिवस कलताना. उजेडाचं त्यांना जे कळत होतं, ते सगळं त्यांनी त्या जागेत ओतलं. चिंचांना हात लावायचा नाही, उलट एक फांदी आडवी येते तिथे छपरालाच खाच ठेवायची. वर कौलं, कौलांखाली बांबूचे तट्टे आणि तट्ट्यांना चुना. छप्पर दक्षिणेला खाली उतरलेलं, उत्तरेला पाण्याकडे उंच उचललेलं. आणि दक्षिणेला, ऊन-धुरळा दोन्ही अडवायला, काळ्या दगडाची सलग भिंत. फट नाही, झरोका नाही.

रुबी रविवारी यायची आणि बापाच्या हातवाऱ्यांचं ड्रॉइंग करायची. दोघांची भांडणं सगळी वस्ती ऐकायची.

"अब्बा, थंडीत सूर्य दक्षिणेकडनं जातो. या भिंतीत एखादी खिडकी ठेवू या."

"मार्गशीर्षातली लग्नं मी केली न्हाईत व्हय? काय अडलं कुणाचं?"

"पण भिंत दगडाची हाय."

"मग काय मातीची करू? फट दिसली की ऊन आत शिरतंय. तुझ्या कालेजात हे शिकवलं न्हाई का?"

रुबीनं दोनदा सांगून पाहिलं, तिसऱ्यांदा हसून सोडून दिलं. बाप इतका खुशीत होता की तिला त्याचा हिरमोड करवेना. पहिला खांब उभा करताना सुभानभाईंनी हट्टानं त्याला आंब्याचा डहाळा बांधायला लावला आणि सविताकडून मुहूर्तमेढीची पूजा करून घेतली. लोखंडी खांबाची कसली मुहूर्तमेढ, असं कोणीतरी म्हणालं. "मांडव त्यो मांडव," सुभानभाईंनी त्याला गप्प केलं.

वैशाखाच्या शेवटी मंडप खुला झाला, आणि खरं सांगायचं तर भलेभले मान वर करून छपराकडेच बघत राहिले. बाहेर अंगाची लाही होत होती आणि आत पाण्यावरून गार झुळूक येत होती. सकाळचं ऊन कालव्यावर पडायचं, पाण्यावरून उसळायचं आणि चुन्याच्या छताला जाऊन लागायचं. सगळं छत लुकलुकायचं. लहान पोरं जमिनीवर उताणी पडून ते बघत राहायची. बायका लसूण सोलायला तिथे यायला लागल्या, कारण घरच्यापेक्षा तिथे नीट दिसायचं. हौसरावआबांनी आणि त्यांच्या म्हाताऱ्या मंडळींनी पूर्वेचा कोपरा धरला, तो सोडायचं नाव घेईनात.

सुभानभाई दुसऱ्या दिवशी गेले. तिसऱ्या दिवशीही गेले. आपलं काम दुसऱ्या दिवशी जागेवर आहे, हा अनुभव त्यांना नवा होता. नंतर दर शुक्रवारी नमाज झाली की स्कूटर चिंचमळ्याकडे वळायची. जायचं, एका खांबाला हात लावून उभं राहायचं, आत किती माणसं आहेत ते डोळ्यांनी टिपायचं आणि परतायचं. पावसाळ्यात माणसं होती, गणपतीत तर पाय ठेवायला जागा नव्हती. घरी भाभी विचारायच्या, "भरला होता का?" आणि हे म्हणायचे, "वाहत होता."

दिवाळीनंतर भाभींचं गुडघ्याचं दुखणं निघालं. दवाखाना, मालिश, स्वयंपाक, यात सुभानभाईंचे शुक्रवार हुकत गेले. मग पौष लागला. एका सकाळी भाभींनीच त्यांना हाकललं, "जावा, बघून या तुमचं ते. घरात नुसती भुणभुण लावलीय." अंगात स्वेटर, वर मफलर अशा थाटात ते निघाले.

मंडप रिकामा होता.

एकही माणूस नाही. पूर्वेच्या कोपऱ्यात एक कुत्रं अंगाचं वेटोळं करून पडलं होतं, तेही यांना बघून उठलं आणि बाहेर निघून गेलं. आत गारठा असा की दगडी फरशीवरून पायांत कळ चढावी. कालव्यावरून वारं सरळ आत घुसत होतं. छत मेल्यासारखं पांढरं पडलं होतं, त्यावर लुकलुक नाही, काही नाही. सूर्य दक्षिणेला भिंतीमागे होता आणि भिंत सुभानभाईंनीच बांधली होती.

आयुष्यभर मांडव उठताना पाहिले, पण ओस पडलेला मांडव त्यांनी कधी पाहिला नव्हता. आणि तेवढ्यात पलीकडून हसण्याचा आवाज आला.

ते भिंतीला वळसा घालून गेले. पलीकडे हौसरावआबा आणि सगळी म्हातारी मंडळी ओळीनं बसलेली. कोणी पोत्यावर, कोणी पालथ्या पाटीवर, कोणी नुसत्या मातीत. सगळ्यांच्या पाठी त्या काळ्या भिंतीला टेकलेल्या, तोंडं उसाकडे, अंगावर कोवळं ऊन. बायकाही तिथेच होत्या, जरा बाजूला, हरभरा सोलत.

"ये ये सुभान," आबा खुशीत ओरडले. "भिंत लय झ्याक बांधलीस गड्या! पाठ कशी शेकती!"

सुभानभाईंच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की ते उत्तर न देता फिरले आणि स्कूटरला किक मारून थेट घरी आले. आबा मागून हाका मारत राहिले.

घरी ते उसवलेल्या कनाती शिवत बसले. रुबी आली तेव्हा तिच्यासमोर मात्र बांध फुटला. "कनातीचं कसं असतं," ते म्हणाले. "गारठा वाटला, एक दोरी वडली, कनात वर. उकडलं, दुसरी दोरी वडली. मार्गशीर्षात मी तेच करत आलो. हात आपोआप जायचा, ध्यानातबी यायचं न्हाई. या दगडाला दोरी कुठं हाय, पोरी? मी दगडाची कनात बांधली." त्यांचे डोळे भरून आले होते. ज्या माणसानं उभा जन्म एका दिवसाचं ऊन सांभाळलं, त्याला बारा महिन्यांचं ऊन माहीत नव्हतं. पौषात तर तो कधी उन्हात मांडव घालायलाच गेला नव्हता, घरी कापड शिवत बसला होता. रुबीला "मी सांगत होते" असं म्हणायची सोय होती. ती म्हणाली नाही. बापाजवळ बसून राहिली, आणि यासाठी तिला शंभर गुण द्यायला हवेत.

मग सविताचा फोन आला. मंडप थंडीत वापरात नाही हे लोकांच्या नजरेत आलं होतं. येत्या ग्रामसभेत विषय निघणार होता. काही मंडळींचं म्हणणं, उत्तरेला, पाण्याच्या बाजूला, पत्रे ठोकून टाका. वारं बंद होईल, आत ट्यूब लावू.

"कसलं पत्रं?" सुभानभाईंनी विचारलं.

"निळंच असतील, मामा."

म्हणजे पाणी बंद, झुळूक बंद, छतावरची लुकलुक बंद. राहणार काय? चार खांब आणि निळा उजेड. त्यावर नाव कोणाचं, तर सुभान मंडपवाल्याचं.

"मी भिंत फोडतो," ते म्हणाले. "पौषात ऊन आत आलं तर लोक आत येतील. वैशाखात भाजलं तरी चालंल, पण निळं पत्रं नको."

"भिंत तुमच्या हातची हाय," सविता म्हणाली. "तुम्ही म्हणाल तसं. पण मामा, मनाला लावून घेऊन काय करू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पहार आणि घण घेऊन चिंचमळ्यात हजर. रुबीही रजा टाकून मागोमाग आली, बाप एकटा काय करून बसेल याचा नेम नव्हता म्हणून. भिंतीच्या पलीकडे म्हाताऱ्यांची बैठक भरलेलीच होती.

"उठा," सुभानभाई म्हणाले. "भिंत पाडायची हाय."

कोणी उठेना. म्हाताऱ्यांनी एकदा पहारीकडे पाहिलं, एकदा यांच्याकडे, आणि पाठ भिंतीला आणखी घट्ट लावली.

"का पाडायची?" हौसरावआबांनी विचारलं.

"आत ऊन येत न्हाई."

"मग आत कोण बसलंय? आम्ही हितं हाय."

"तेच म्हणतोय की!" सुभानभाईंचा आवाज चढला. "मी एवढा मांडव घातला, कौलं घातली, चुना दिला, आन् तुम्ही सगळी माझ्या मांडवाच्या पाठीमागं बसलाय! परसाकडंला बसल्यावानी!"

यावर जो हशा उठला, त्यात उसातले पक्षी उडाले. स्वतः सुभानभाईंनाही हसू आवरेना, पण ते रागात असल्यामुळे त्यांनी ते दाढीत दाबलं.

"आरं येड्या," आबा हसू ओसरल्यावर म्हणाले, "माझं घर हाकेवर हाय. घराला ओटा हाय, ओट्यावर ऊन हाय. मग मी काठी टेकत हितवर कशाला येतो? ही भिंत सकाळच्या उन्हात अशी तापती की माझ्या सुनंची शेगडी झक मारती. संध्याकाळी ऊन गेलं तरी ऊब सोडत न्हाई. तू फोडायचीच म्हणत आसशील तर फोड. पण आधी आमची पाठ लागंल, मग दगूड."

सुभानभाई पहार धरून उभेच. आबांनी हात लांब केला, त्यांचं मनगट धरलं आणि खाली ओढलं. "बस. बस म्हणतो ना."

आता एक गोष्ट सांगायला हवी. मंडपवाला आपल्या मांडवात बसत नाही. पंगत उठेपर्यंत तो कनातीशी उभा असतो, कुठली दोरी सैल झाली, कुठला बांबू हलला, बघत. बसायचं ते पाहुण्यांनी. एवढ्या वर्षांत सुभानभाईंनी स्वतःच्या मांडवात कधी बूड टेकवलं नव्हतं, या कायमच्या मांडवातही नाही. दर शुक्रवारी आले ते खांबाला हात लावून उभे राहिले. ते आज पहिल्यांदा बसले, तेही मागच्या बाजूला, मातीत.

पाठ भिंतीला टेकली. बांबू-बल्ल्या वाहून वाहून त्या पाठीचं पार वाटोळं झालं होतं, भाभींनी किती तेल जिरवलं त्याचा हिशेब नाही. काळ्या दगडाची ऊब स्वेटरातून आत आली, मणक्यात उतरली, खांद्यांत गेली. सुभानभाईंनी डोळे मिटले. मग डोळे न उघडताच त्यांनी हाक मारली.

"रुबी."

"काय, अब्बा?"

"हितनं तितवर कट्टा काढायचा. दगडाचाच. आबाचं गुडघं वाकत न्हाईत, जरा उंच घे."

"आणि आतलं? उत्तरेला पत्रे?"

"पौषात आत जायचं कशाला कुणी?" ते डाफरले. "उन्हाळ्यात पाण्याकडं तोंड, हिवाळ्यात उसाकडं तोंड. भिंत तीच. सांग तुझ्या सरपंचबाईला."

सविता तिथेच हरभरा सोलणाऱ्या बायकांत बसलेली होती. तिनं पदराआड हसून मान डोलावली. ग्रामसभेत पत्र्यांचा विषय निघाला तेव्हा हौसरावआबा काठी आपटत उभे राहिले आणि सगळी म्हातारी मंडळी त्यांच्यामागं. पत्र्यांचा विषय तिथेच मिटला.

कट्टा त्याच महिन्यात झाला. आता वर्षाचे दोन भाग पडलेत. होळीपर्यंत माणसं उसाकडे तोंड करून बसतात, मग हळूहळू एकेक जण भिंतीला वळसा घालून पाण्याकडे सरकतो, आणि दिवाळी सरली की पुन्हा उलटा वळसा. कोणी कोणाला सांगत नाही. बाहेरगावचा माणूस आला की त्याला या मंडपाचं तोंड कुठलं तेच समजत नाही.

परवा पौषातल्याच एका सकाळी नजमुन्निसाभाभींनी सुभानभाईंना दूध आणायला पाठवलं होतं. दूध घरी आलं नाही. भाभींनी फोन लावला.

"कुठं हाय?"

"चिंचमळ्यात."

"मांडवाचं काय मोडलं का?"

"न्हाई न्हाई. सगळं जाग्यावर हाय."

"मग तिथं काय करताय? या की घरी. चहा खोळंबलाय."

सुभानभाईंनी इकडेतिकडे पाहिलं. कट्टा या टोकापासून त्या टोकापर्यंत भरला होता. आबांच्या आणि त्यांच्या मध्ये टोपी ठेवायलाही जागा नव्हती, आणि दोन म्हातारे काठीवर हात ठेवून, कोण उठतंय याची वाट बघत समोर उन्हात उभे होते.

"आता न्हाई येता येत," त्यांनी फोन तोंडाशी धरून हळूच सांगितलं. "उठलो तर माझी जागा जाईल."